पी रोसांगी पोचली

डोंगरावरच्या रुआलत्लांग गावात कुणी नवं घर बांधायला काढलं की तो आधी पायवाटेकडे नजर टाकून घ्यायचा. पी रोसांगी, म्हणजे रोसांगी आजी, येत तर नाही ना? कारण म्हातारी आली की कमरेवर हात ठेवून घर खालपासून वरपर्यंत न्याहाळायची, मनापासून कौतुक करायची, "पत्रा झकास बसवलायस रे, खांबही दणकट आहेत," आणि लगेच हसत हसत विचारायची, "आणि मग?"

"मग काय पी, राहायचं."

"राहा की. पोरं मोठी होतील, लग्नं होतील. आणि मग?"

"मग म्हातारे होऊ."

"होशीलच. आणि मग?"

दोन-तीन 'आणि मग' झाले की चांगला धट्टाकट्टा माणूससुद्धा आपल्याच कबरीच्या काठावर येऊन उभा राहायचा, आणि तिथे पी रोसांगी त्याची वाटच बघत असायची. "घाबरतोस काय असा? खरी मजा तर तिथून पुढं आहे!" असं म्हणताना तिचे डोळे असे लकाकायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं, ही आत्ताच तिकडून जेवून आलीय. मग प्रभू येशूची गोष्ट सुरू व्हायची. "अरे, इथलं सगळं म्हणजे सूमोची वाट बघत चहाच्या टपरीवर बसल्यासारखं आहे. गाडी येणार, आपण जाणार. टपरीला रंग कसला देत बसतोस?"

तिच्या तावडीतून कुणी सुटला नव्हता. कोबी घ्यायला येणारा सिलचरचा व्यापारी, रस्त्यावर खडी फोडणारे झारखंडचे मजूर, टायर पंक्चर झालं म्हणून थांबलेला ड्रायव्हर, सगळ्यांना तिने कोऱ्या चहाचा कप हातात देऊन 'आणि मग?' विचारलेलं होतं. ओढ्यापलीकडे ब्रू लोकांची पाच-सहा घरं होती. तिथे ती दर शनिवारी जायची, त्यांची भाषा मोडूनतोडून बोलायची आणि ते पोट धरून हसले की तीही हसायची. लोक तिला बघून वाट बदलायचे हे खरं, पण घरात कुणी तापाने फणफणलं की निरोप तिलाच जायचा. ती यायची, रात्रभर उशाशी बसायची, ओकारीसुद्धा पुसायची, आणि त्या वेळी मात्र काही विचारायची नाही.

स्वतः ती तशीच राहत होती, मुक्कामाला आल्यासारखी. तिचा मुलगा मापुया ऐझॉलला सरकारी नोकरीत होता. त्याने हौसेने फ्रिज पाठवला, तर बाईसाहेबांनी तो थेट चर्चच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. "एवढ्याशा मुक्कामाला कशाला ते धूड?" म्हणाली. तिच्या ट्रंकेत भारी म्हणावी अशी एकच वस्तू होती, काळ्या-पांढऱ्या विणीचं एक पुआन. एरवी बायका असं वस्त्र नाताळला कमरेला गुंडाळून मिरवतात. हिने ते शेवटच्या प्रवासासाठी राखून ठेवलं होतं, आणि वर्षातून एकदा उन्हात टाकताना शेजारणींना असं दाखवायची, की जणू लग्नाचा शालू.

मरणाची तिला तसूभर भीती नव्हती. तिच्या जिवाला घोर एकच होता, आणि तो रोज तिच्याच चुलीपाशी बसून चहा प्यायचा.

पू दाईलोवा, तिचा नवरा, आल्याचं शेत करायचा आणि उरलेल्या वेळात ओसरीवर बसून बांबूच्या टोपल्या विणायचा. स्वभावाने साधा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. गावात चर्चला न जाणारा माणूस म्हणजे पांढरा कावळा, आणि हा तो पांढरा कावळा होता. पाऊस असला की बायकोच्या डोक्यावर छत्री धरून चर्चच्या पायऱ्यांपर्यंत यायचा, पाय निसटू नये म्हणून तिला हात द्यायचा, आणि तिथून वळून घरी. रोसांगीने त्याला 'आणि मग?' विचारलं की तो टोपलीवरून नजर न उचलता म्हणायचा, "मग काही नाही. दिवा विझला की विझला."

"अरे पण मापुयाच्या बापा..."

"तिकडून कुणी परत आलंय का सांगायला? एक माणूस आणून दाखव. दुसऱ्या दिवशी मी पहिल्या बाकावर. आणि हे बघ, मला तुमच्या कब्रस्तानात नका पुरू. माझ्या आल्याच्या शेतात पुरा. तिथं निदान कुणी गात नाही."

तिने काय काय करून पाहिलं नव्हतं! वाद घातले. रडून पाहिलं. अबोला धरला, पण तो दुपारच्या चहापर्यंतच टिकला, कारण न बोलणं तिला जमायचंच नाही. शेवटी त्याच्यासाठी उपास करून प्रार्थना धरली, तर हा पठ्ठ्याही जेवेना. बायको उपाशी असताना घास उतरत नाही म्हणाला. आणि शेवटी चक्कर येऊन पडला तो तोच. गाव आठवडाभर हसत होतं. रोसांगी मात्र चर्चमध्ये गुडघ्यावर बसून रागारागाने देवाला सांगत होती, "बघितलंस? माझ्यासाठी उपाशी मरेल, पण तुझ्याकडे यायचा नाही. आता तूच बघ बाबा."

सगळ्या गावाला गाडीत बसवलं आणि घरचं माणूस स्टँडवरच राहिलं, असं तिला व्हायचं. तिकडे पोचायचं आणि तिथे दाईलोवा नसायचा, एवढ्या एका विचाराने तिचा स्वर्गसुद्धा अर्धा रिकामा व्हायचा.

नाताळ तोंडावर आला होता. डोंगरावर असं दाट धुकं उतरलं होतं, की शेजारच्या कोंबड्याची बांग ऐकू यायची पण शेजार दिसायचा नाही. शुक्रवारी पहाटे रोसांगी उठली, चूल पेटवली, तांदूळ मापले. मिशनरींसाठी रोज मूठभर काढून ठेवतात तसे मूठभर डब्यात टाकले आणि डब्याचं झाकण लावता लावता तिथेच कोसळली. दाईलोवा पाणी आणायला खाली झऱ्यावर गेला होता.

मोईतेईची आई, म्हणजे त्यांची शेजारीण, विस्तव मागायला आली आणि किंचाळली. म्हातारी बर्फासारखी गार. श्वास दिसेना. गावची नर्स नेमकी नाताळच्या खरेदीला गेलेली. मग चर्चचे कारभारी, म्हणजे उपा, थानसांगा धावत आले. ते पहाटेपासून गार पाण्यात बांबू भिजवत होते, बोटं थंडीने बधिर, त्यात कुदळीचे घट्टे. त्या बोटांनी त्यांनी नाडी पाहिली, बराच वेळ पाहिली, आणि मान हलवली. कुणाला शंका आली नाही. उपा थानसांगा कधी चुकत नसत, निदान त्यांना तसं वाटायचं.

तेवढ्यात टेकडीवरचा भोंगा खरखरला. गावचा दवंडीवाला बियाका. त्याला एकाच गोष्टीचा अभिमान, बातमी कुणाच्या आधी आपल्या तोंडून जावी याचा. "ऐका हो ऐका! पी रोसांगी पहाटे प्रभूच्या घरी गेली. आज कुणी शेतावर जाणार नाही. पोरांनी कुदळी-फावडी घेऊन कब्रस्तानात यावं. करवतवाल्यांनी अंगणात जमावं!"

या गावात लग्नाला उशीर होईल, मयताला व्हायचा नाही. धुकं विरायच्या आत तरुण पोरं कब्रस्तानात पोचली. दुसरी टोळी अंगणात फळ्या कापू लागली. घरोघरच्या बायका तांदूळ, सरपण, चहापत्ती घेऊन आल्या. कुणीतरी धुरावर वाळवलेलं डुकराचं मांस उकळायला टाकलं, आल्यागेल्याला जेवू घालायला नको? मापुयाला फोन गेला. पी रोसांगीचं तोंड पुसून, केस विंचरून तिला बाहेरच्या खोलीत बिछान्यावर ठेवलं आणि ट्रंकेतलं ते काळं-पांढरं पुआन अखेर तिच्या अंगावर पडलं. मग ढोल आला. घर माणसांनी भरलं आणि गाणं सुरू झालं.

दाईलोवा झऱ्यावरून पाण्याच्या कावडीसकट आला तो भोंगा ऐकतच. कावड तशीच अंगणात टाकून तो आत आला आणि बायकोच्या पायाशी बसला. आजवर गाणी सुरू झाली की तो उठून शेतावर जायचा. आज कुठे जाणार? घर त्याचंच होतं, आणि ती तिथे होती. तो तसाच बसून राहिला. त्याच्या भोवती सगळी माणसं डोलत, डोळे पुसत गात होती.

आणि पी रोसांगीला ढोल ऐकू आला.

आधी लांबून, मग अगदी जवळ. अंगाखाली ऊब होती. चारी बाजूंनी गाणं येत होतं, पलीकडच्या किनाऱ्यावरच्या घराचं गाणं, तिचं सगळ्यात आवडतं. तिच्या मनात आलं, अगं बाई! पोचले की काय मी? तिने डोळे मिटलेलेच ठेवले, घाई नको म्हणून. नाकात शिजत्या मांसाचा वास आला. बरोबर, मेजवानी असणारच, तसं लिहिलेलंच आहे. बोटांनी हळूच चाचपलं, तर ते पुआन! आता शंकाच नको. आनंद असा उसळून आला, की तिला वाटलं आता आपण पुन्हा मरतो.

तिने हळूच डोळे किलकिले केले. खिडकीतून धुक्याचा पांढरा उजेड आत येत होता आणि त्या उजेडात सगळे होते. मोईतेईची आई होती. ढोल वाजवणारा होता. उपा थानसांगासुद्धा होते. हेही? असो, प्रभूची दया मोठी आहे. तिची नजर एकेका चेहऱ्यावरून फिरत पायाशी आली.

पायाशी दाईलोवा बसला होता.

"आलास!" ती अशी ओरडली की पत्रा थरथरला. "मापुयाच्या बापा, तू आलास! आत आलास!"

ती ताडकन उठून बसली आणि तिने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "कसा आलास रे? कुणी आणलं तुला? मला वाटलं होतं... अरे, तू आलास!" हसत होती, रडत होती, त्याचे कान ओढून तो खराच आहे ना हे बघत होती.

खोलीत काय झालं ते विचारू नका. ढोलवाल्याने ढोल पुढ्यात धरला आणि त्याच्या आड लपला. मोईतेईची आई देहाने चांगली भरलेली, ती त्या एवढ्याशा खिडकीतून बाहेर कशी गेली हे कोडं गावाला अजून सुटलेलं नाही. उपा थानसांगा आधी गुडघ्यावर कोसळले आणि मग सावकाश आपल्या उजव्या हाताच्या बोटांकडे बघू लागले. जागचा हलला नाही तो एकटा दाईलोवा. बायकोच्या दोन्ही हातांत तोंड देऊन तो तिच्याकडे एकटक बघत राहिला.

मग अंगणातून हातोड्याचा ठोका ऐकू आला. रोसांगीने मान वळवली. फळीवर तिचा तांदळाचा डबा. काजळलेली किटली. गेल्या वर्षीचं कॅलेंडर.

"हे तर आपलंच घर आहे," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा खाडकन पडला. दाईलोवाच्या छातीवर डोकं टेकून ती हमसून हमसून रडली. लोकांना वाटलं, बिचारीला स्वर्गातून परत यावं लागलं म्हणून रडतेय.

थोड्याच वेळात भोंगा पुन्हा खरखरला. बियाका घसा खाकरून म्हणाला, "कळवायला आनंद होतो की पी रोसांगीचं निधन रद्द झालं आहे. पोरांनी खणणं थांबवावं." पण आपली पोरं कामसू. खड्डा कधीच पुरा झाला होता, कडासुद्धा तासून झाल्या होत्या.

दुपारी मापुया सूमोभर नातेवाइकांसकट रडत आला, तर आई चुलीपाशी बसून मोहरीच्या पाल्याबरोबर भात खात होती. "ये. एवढ्या लांबून आलायस, जेवून घे," ती म्हणाली, "आणि रडून झालं असेल तर सांग, तू मेलास की मग पुढं काय?" नर्स परत आली, तिने तपासलं, रक्तातली साखर उतरली होती, त्यात अशी थंडी, यापुढे उपाशीपोटी उठायचं नाही म्हणून दम भरला. उपा थानसांगांकडे तिने नुसतं पाहिलं. त्यांनी हात खिशात घातले.

पण गावाला साखरेशी काय देणंघेणं? गावाच्या मते पी रोसांगी जाऊन आली होती. शनिवारी सकाळपासून रीघ लागली. पान-सुपारी घेऊन, अंडी घेऊन, शेजारच्या गावांतूनसुद्धा लोक आले. "पी, काय पाहिलंस? दार कसं होतं? माझी आई दिसली का गं?" ती हात जोडायची, "थांबा जरा, डोकं जाग्यावर येऊ दे." उपा थानसांगांना आपली चूक धुऊन काढायला नामी संधी दिसली. "उद्या चर्चमध्ये साक्ष द्यायची हं. लोक बाहेर उभे राहतील एवढी गर्दी होणार! अशा साक्षीने दगडसुद्धा वळेल."

आता त्या उघड्या कबरीचं काय करायचं हा घोळ वेगळाच. म्हातारे म्हणाले, रिकामी कबर माणूस मागते, केळीचा खुंट पुरून बुजवून टाका. रोसांगी कडाडली, "माझी आहे ना? राहू दे. कधीतरी लागणारच आहे. पत्रा टाकून झाका, म्हणजे पोरंबाळं पडणार नाहीत." तिला त्या खड्ड्याचं भलतंच कौतुक वाटत होतं. आपलं तिकीट निघालंय आणि फक्त गाडी उशिरा आहे, असं ती येईल त्याला सांगत होती.

संध्याकाळी माणसं पांगली. दाईलोवा ओसरीवर होता. टोपली अर्धीच राहिली होती, बोटं चालत नव्हती. तो उठून आत आला आणि तिच्यासमोर बसला.

"म्हातारे," तो म्हणाला, "जन्मभर मी एकच गोष्ट म्हणत आलो. तिकडून कुणी परत आलेलं नाही. तू आलीस."

रोसांगी त्याच्याकडे सरकून बसली.

"तू माझ्याशी कधी खोटं बोललेली नाहीस. डोकं खाल्लंस, पण खोटं नाही. सांग, काय होतं तिथं? तू सांगशील ते मी मानेन. उद्या तुझ्याबरोबर येईन."

अख्ख्या आयुष्याने जे दिलं नाही ते एका वाक्याच्या अंतरावर येऊन बसलं होतं. दार होतं म्हणायचं. उजेड होता म्हणायचं. त्यात खोटं तरी काय, आहेच की तिथे उजेड, पुस्तकात लिहिलंय! तिच्या जिभेच्या टोकावर ते वाक्य येऊन थांबलं. एक वाक्य, आणि हा माणूस कायमचा तिच्याबरोबर. तिचे ओठ हललेसुद्धा. पण ती ज्याच्या नावाने हे सांगणार होती त्याने स्वतःला सत्य म्हटलं होतं, आणि त्याच्या दारातून खोट्याच्या खांद्यावर बसवून नवऱ्याला आत नेणं तिला जमेना.

"काही नव्हतं," ती म्हणाली. तिचं तिलाच ऐकवेना. "मी मेलेच नव्हते रे. काही दिसलं नाही. चूल दिसत होती आणि मग काहीच नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. मग ढोल ऐकला. वाटलं, पोचले. आणि तू दिसलास. मला वाटलं, हा कसा कोण जाणे, पण आत आला. मग किटली दिसली. तेव्हा कळलं, तू काही आलेला नाहीस."

दाईलोवा "हं" म्हणाला आणि कोंबड्या कोंडायला बाहेर गेला. रोसांगीला वाटलं, संपलं. माशाने गळ गिळला होता आणि आपण आपल्याच हाताने दोरी कापली.

रविवारी चर्चमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. उपांनी शनिवारी म्हटलं होतं तसे खरोखरच लोक बाहेर उभे होते. दाईलोवा छत्रीसाठीसुद्धा आला नव्हता. सकाळी ती उठली तेव्हाच तो घरात नव्हता. पी रोसांगी पुढे जाऊन उभी राहिली.

"मी काही पाहिलं नाही," ती म्हणाली. "मी गेलेच नव्हते, उपांची बोटं गार होती एवढंच." पुरुषांच्या बाजूला खसखस पिकली. "तुमची निराशा झाली असेल. माझीही झाली. पण ऐका. शुक्रवारी सकाळी मला घटकाभर वाटलं की मी पोचले. आणि तेव्हा मी दार पाहिलं नाही, सोनं पाहिलं नाही. कोण कोण आलंय तेच बघत होते. माझं माणूस आलंय का, एवढंच बघत होते. तुम्ही जाल तेव्हा तुम्हीही तेच बघाल. म्हणून आज ज्याच्याशी बोलायचं राहिलंय त्याच्याशी बोलून घ्या. झालं."

ती खाली बसली. लोकांना काय करावं कळेना. ढोलवाल्याने चुकून एक ठोका दिला आणि थांबला.

घरी आली तर चूल थंड, ओसरीवर अर्धी टोपली. तेवढ्यात बियाका पायवाटेने धापा टाकत आला, त्याच्यामागे उपा थानसांगा आणि निम्मं गाव. "पी, कब्रस्तानात कुदळीचा आवाज येतोय! तुझा म्हातारा तुझ्या कबरीत उतरलाय!"

ती धावली. गुडघे दुखायचे तिचे, पण त्या दिवशी त्यांची आठवणच राहिली नाही. पत्रा बाजूला टाकलेला होता आणि छातीएवढ्या खड्ड्यात उभा राहून दाईलोवा घामाघूम होत कडेची माती कुदळीने ओढत होता.

"दाईलोवा!" उपा थानसांगा ओरडले. "अरे, रविवारी कुदळ?"

"कबर खणायला रविवारीही चालतं उपा," तो मान वर न करता म्हणाला. "तुमचाच नियम."

"कुणाची कबर?" रोसांगीने विचारलं.

त्याने कुदळ टेकवली. कपाळावरचा घाम बाहीने पुसला आणि वर बघितलं.

"माझी. तुझ्या एकटीचीच खणली होती या गाढवांनी. रुंद करतोय." मग आवाज उतरवून म्हणाला, "काल तू सोन्याचा रस्ता सांगितला असतास ना, तर मी उद्यापर्यंत विसरलो असतो. पण त्या दिवशी डोळे उघडून तू मला बघितलंस. रोसांगी, लग्नाच्या दिवशीसुद्धा तू माझ्याकडे असं बघितलं नव्हतंस. आजवर मला वाटायचं, तुला वादात जिंकायचंय. तुला मी हवा होतो."

ती काठावर उभी राहून नुसतीच बघत होती. बोलायला तोंड उघडलं, पण शब्द नाही. असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं.

"तू तिकडं डोळे उघडशील तेव्हा मी पायाशी नसलो तर तुझं तोंड पुन्हा तसं पडेल. ते मला बघवणार नाही," दाईलोवा म्हणाला. "आता आपण दोघं इथं शेजारी-शेजारी पडलो. वरून माती आली. बरोबर?"

"बरोबर," ती कशीबशी म्हणाली.

त्याने तिच्याकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचाच प्रश्न तिला विचारला, टिंगल न करता, अगदी हळू.

"आणि मग?"

पी रोसांगीने कमरेचं पुआन गुडघ्यापर्यंत वर खोचलं. "अगं पी, पडशील!" मोईतेईची आई ओरडली, पण तोवर म्हातारी ढेकळांवरून घसरत खाली गेलीसुद्धा, थेट नवऱ्याच्या अंगावर. दोघंही मातीत बसले. हसले. आणि मग तिने त्याचा मातीने माखलेला हात आपल्या हातात घेतला आणि जे शेकडो लोकांना सांगितलं होतं ते पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. पण अडखळत, जणू कुणाला पहिल्यांदाच सांगतेय. गाव काठावर उभं राहून ऐकत होतं. मध्ये एकदा दाईलोवाने डोळे पुसले, तेव्हा मातीने त्याचं तोंड काळं झालं, आणि तिने ते आपल्या पुआनाच्या टोकाने पुसलं.

बाहेर निघायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं, दोघांनाही वर चढता येत नाही.

बियाका केव्हाच टेकडीवर पळाला होता. ही बातमी दुसऱ्या कुणाच्या तोंडून जाऊ देणं त्याला शक्यच नव्हतं. भोंगा खरखरला.

"ऐका हो ऐका! पी रोसांगी आपल्या कबरीत आहे. या वेळी जिवंत आहे. पू दाईलोवाही तिथंच आहे, आणि..." इथे बियाकाने भोंग्यातच नाक शिंकरलं, "आणि तो आला! तो आत आला! पोरांनी दोर घेऊन यावं, दोघांना वर ओढायचंय!"

खालून, कबरीतून, पी रोसांगी ओरडली, "घाई करू नका रे! माझं अजून सांगून व्हायचंय!"